मास्तरांची शिवण आणि कानातली नळी

माझे पूर्ण नाव ओळखपत्रावरून वर उतरवून घेतले आहे, ते बरोबर आहे. वय चव्वेचाळीस वर्षे. शिक्षण विज्ञान शाखेची पदवी. धंदा नोकरी, कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करते. राहणार दवाखान्यामागच्या गल्लीतील चार मजली इमारत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार. सोबत सासूबाई व मुलगी राहतात.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. काल दुपारी मोठ्या चौकातल्या सिग्नलला लोकांनी पकडून दिलेला पार्सलवाला आणि त्याच्याकडून जप्त केलेली निळी गिअरची सायकल, दोन्ही माझ्या चांगल्या परिचयाची आहेत. सायकल त्याची स्वतःची आहे. ती चोरीची नाही. तिची निम्मी दुरुस्ती मी माझ्या हातांनी केली आहे, म्हणून हे ठामपणे सांगते.

जबाब लिहून घेणारे साहेब सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, मुद्द्याचं बोला, सायकलचं पुराण नको." माझे म्हणणे असे की, ते पुराण न ऐकताच एका माणसाला इथे बसवून ठेवले आहे, तेव्हा आता ते ऐकावे लागेल. साहेबांनी पंखा वाढवला आणि बोला म्हणाले.

फिर्याद देणारे गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत, वय सत्तावन्नच्या आसपास. आम्ही त्यांना काका म्हणतो. पाठीमागे 'अठरा' म्हणतो, कारण त्यांच्या सायकलला अठरा गिअर होते आणि तो आकडा सांगितल्याशिवाय त्यांची कोणाशी ओळख पुरी होत नसे. मी, काका आणि कपडे शिवणारे मास्तर, असे आम्ही कामावर सायकलने जाणारे लोक रोज सकाळी उड्डाणपुलाखालच्या चहाच्या गाडीपाशी थांबतो. आणखी दोघे-चौघे येऊन-जाऊन असतात. चहा पाच मिनिटांत संपतो. चेन, ब्रेक आणि गिअर यांवरचे बोलणे संपत नाही, कोणाला तरी उशीर झाला की थांबते.

मास्तरांची सायकल बिनगिअरची आहे. ते रोज विचारतात, "काका, अठरातले वापरता किती?"

"तीन."

"आणि उरलेले पंधरा?"

"आल्यागेल्यासाठी. तुमच्यासारखं सगळं घर एका ताटात नाही जेवत आमच्याकडे."

"एकच ताट आहे म्हणून तर भांडण नाही हो आमच्यात."

हे मी उगाच सांगत नाही. आम्हा लोकांना कोणतीही सायकल दिसली की आमची नजर आधी गिअरवर जाते, मग सीटवर, मग दुरुस्ती कोणी केली असेल यावर. मुख्य सांगाडा, ज्याला फ्रेम म्हणतात, तिच्याकडे आम्ही सर्वांत शेवटी बघतो, आणि बहुतेक वेळा बघतच नाही. कालचा सगळा घोटाळा त्यातून झालेला आहे. ज्याला सायकलमधले काही कळत नाही असा माणूस सिग्नलला उभा असता तर असा फसला नसता.

काकांनी काल दिलेला जबाब मला साहेबांनी वाचून दाखवला. त्यात काकांनी आपली सायकल ओळखल्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. सीटवरचे तपकिरी कातड्याचे ठिगळ. वायरीच्या टोकांवर बसवलेल्या पारदर्शक नळीच्या टोप्या. अठरा गिअर आणि निळा रंग, हे मिळून तिसरी खूण. मास्तरांनीही जबाब दिला आहे की ठिगळाची शिवण त्यांच्याच हातची आहे. काका खरे बोलले आहेत. मास्तरही खरे बोलले आहेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

आता एकेक खूण घेते.

ठिगळ. मास्तरांनी एका टाकून दिलेल्या प्रवासी बॅगेचे कातडे कापून आमच्या सगळ्यांच्या सीट एकदमच दुरुस्त करून दिल्या होत्या. दुहेरी शिवण, टोकाशी तिरका टाका. काकांच्या सीटवर ती शिवण होती, तशी माझ्याही होती. पुढे माझी कंबर धरायला लागली म्हणून मी रुंद सीट बसवली आणि जुनी सीट पेटीत टाकली.

पेटी म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगते की, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याची एक पेटी आहे. सायकलवरून उतरलेला पण अजून जीव असलेला प्रत्येक भाग आम्ही तिच्यात ठेवतो. ज्याला लागेल त्याने न्यावा. कोणाचा भाग कोणी नेला, हे बोलायचे नाही असा नियम आहे. नियम काकांनीच घातला. झाले असे की काकांनी एकदा मास्तरांच्या जुन्या पेडलांची जोडी नेली. मास्तर मग रोज चहाच्या गाडीवर, दहा माणसांत विचारायला लागले, "आमच्या पोरी बऱ्या आहेत ना? सासरी जाच नाही ना काही?" काका महिनाभर सोसत राहिले. मग त्यांनी जाहीर केले की यापुढे पेटीतल्या वस्तूचे माहेर कोणी विचारायचे नाही. तेव्हापासून हा नियम पाळला जातो.

नळी. ऐकण्याच्या यंत्राचा कानात बसणारा साचा असतो. त्याला जोडणारी एक मऊ, पारदर्शक नळी असते. ती काही महिन्यांत कडक होऊन पिवळी पडते, तेव्हा नवी कापून घालावी लागते. कापताना बोटाच्या पेराएवढे तुकडे उरतात, ते कचऱ्यात जातात. सायकलच्या ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरीचे टोक कालांतराने उसवते आणि त्यातल्या बारीक तारा बोटात शिरतात. एक दिवस ही तार त्या नळीत बरोबर बसते असे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून मी सगळ्यांच्या वायरींना त्या टोप्या घालते. दुसरे कोणी असे करत असल्याचे मी पाहिलेले नाही. त्यामुळे ती नळी पाहून काकांची खात्री पटली, यात मला नवल वाटत नाही. ती नळी म्हणजे माझी सही आहे. पण सही एकाच कागदावर असते असे नाही.

आता पार्सलवाला. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी दवाखान्यात एका आजोबांना चाचणी कशी असते ते समजावत होते. कानाला यंत्र लावलेले होते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच काम. यंत्र अजून सुरूही केले नव्हते, खोलीचे दार उघडे होते, आणि आजोबा बटण दाबायला लागले. मी म्हटले, "आजोबा, मी अजून आवाज सोडलेला नाही." ते म्हणाले, "येतोय की. कुईं कुईं करतोय." खिडकीखालून एक सायकल येत होती, तिची चेन ओरडत होती. आजोबांचे दोन्ही कान अधू, तरी त्यांना ती ऐकू आली, यावरून चेनची अवस्था लक्षात यावी.

आजोबांची चाचणी झाल्यावर मी खाली गेले. निळी सायकल, पुढे पार्सलची पिशवी, मागच्या कॅरिअरवर उशी बांधलेली. एक उंच, तिशीतला माणूस कॅरिअरवरून आपल्या आईला हात धरून उतरवत होता. मी म्हटले, "अहो, चेन बोंबलतेय तुमची."

"बोंबलू द्या ताई, माणसं बाजूला होतात. घंटीचे पैसे वाचतात."

त्याची आई म्हणाली, "मला तर काहीच आवाज येत नाही बाबा."

त्या तपासणीलाच आल्या होत्या. त्यांना यंत्र बसवले, आणि मी चेनला तेल दिले. पुढे यंत्राच्या निमित्ताने तो आईला घेऊन येत राहिला आणि मी त्याला पेटी उघडून दिली. माझी जुनी सीट त्याने नेली. मागच्या ब्रेकची वायर मी घातली, टोप्या मी घातल्या. एकदा त्याच्या सीटखालची दांडी फ्रेममध्ये गंजून बसल्याचे दिसले. ती वर-खाली करता यावी म्हणून आम्ही दोघांनी तेल ओतून, फडके गुंडाळून, पाना लावून खूप ओढली. ती हलली नाही. तो म्हणाला, "राहू दे ताई, माझ्या मापावरच अडकलीय, मला कुठं भाड्याने द्यायचीय." हा तपशील पुढे लागणार आहे. पेटीतून नेले तसे त्याने पेटीत ठेवलेही. हवा भरायचा चांगला पंप मला न सांगता त्याने ठेवला होता, तो मास्तर सध्या वापरतात. मास्तरांना हे ठाऊक नाही.

ही सायकल त्याने आपल्या मामांकडून घेतली असे तो सांगतो. मामांना मी पाहिलेले नाही. हे ऐकीव आहे, तसेच लिहावे.

काकांची सायकल चोरीला जाऊन तीन आठवडे झाले. पार्सलवाल्याची सायकल मी मागच्या हिवाळ्यापासून पाहते आहे. कितीतरी दिवस सकाळी पुलाखाली काकांची सायकल आणि नंतर दवाखान्याच्या फाटकाशी ही, अशा दोन्ही मी पाहिल्या आहेत. एक सायकल दोन सायकली असू शकत नाही.

मला विचारल्यावरून सांगते की, पार्सलवाला माझा नातेवाईक नाही, शेजारी नाही. तो आमच्या चहाला कधी आलेला नाही. का आला नाही, असे विचारल्यावरून सांगते की, त्याला कोणी बोलावले नव्हते. मीही नाही. त्याच्या सकाळच्या फेऱ्या त्या वेळी असतात, असे कारण मी आतापर्यंत मनाशी धरले होते. आज सांगताना ते मला पुरेसे वाटत नाही.

काकांशी माझे संबंध कसे आहेत, असे विचारल्यावरून सांगते की, चांगले आहेत. मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकल हातात घेतली तेव्हा मला गाड्यांची भीती वाटत असे. सुरुवातीचा महिनाभर काका रोज माझ्या शेजारून, गाड्यांच्या बाजूने, सायकल चालवत दवाखान्यापर्यंत येत. त्यांच्या कार्यालयाचा रस्ता तो नाही. त्यांच्याविरुद्ध माझ्या मनात काही असण्याचे कारण नाही. तसे असते तर हा जबाब मला सोपा गेला असता.

आज सकाळी पुलाखाली काय घडले ते सांगते. काका पायी आले, पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता. लांबूनच म्हणाले, "चोर सापडला! चहा आज माझ्याकडून." सगळ्यांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मी विचारले, "ओळखलीत कशी?"

"अहो ताई, तुमच्यामुळे! वायरीवरची ती नळी. सिग्नलला माझ्या पुढ्यातच उभा होता तो. नळी दिसली आणि मी कॅरिअर धरला. सीट बघतो तर मास्तरांचा टाका. मग सोडतोय होय?"

तो पार्सल पोचवणारा आहे का, उंच आहे का, असे मी विचारले; काका हो म्हणाले. मग मी म्हटले, "काका, ती नळी मी लावलीय."

"तुम्हीच लावलीय ना! तेच तर सांगतोय!"

"तुमच्या नाही. त्याच्या सायकलला. सीटही माझी जुनी आहे, पेटीतली."

मास्तर म्हणाले, "म्हणजे टाका माझा, सीट ताईंची, आणि कोठडीत तो?"

काका म्हणाले, "पेटी आपल्या माणसांची आहे ताई. त्याला दिलंत ते दिलंत, आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

मी म्हटले, "माहेर विचारायचं नाही, हा नियम तुमचाच आहे काका."

ते म्हणाले की चोराने त्यांची सायकल ठेवून स्वतःचे डबडे भंगारात घातले असेल आणि मी भोळेपणाने त्याची बाजू घेते आहे. मी दवाखान्यात फोन करून सकाळची सुट्टी घेतली आणि थेट इथे आले. काका आणि मास्तर माझ्या मागोमाग आले.

इथपर्यंतचा जबाब झाल्यावर साहेब म्हणाले की हा एकीकडे माझा शब्द आणि दुसरीकडे दोन साक्षीदारांचा शब्द आहे, शिवाय पार्सलवाल्याच्या आईनेच मुलाने चोरी केल्याचे कबूल केले आहे. आई कुठे आहे असे मी विचारले. ती बाहेर बाकावर, काल संध्याकाळपासून बसून होती. तिला मी खिडकीतून पाहिले. कानात यंत्र नव्हते. तेव्हा मी साहेबांना सांगितले की, या बाई यंत्राशिवाय समोरच्याचे ओठ हलताना बघतात आणि 'हो' म्हणतात. ज्यांना ऐकू येत नाही ती पुष्कळ माणसे असेच करतात, कारण 'काय?' हे किती वेळा विचारणार. त्यांना तुम्ही राजवाड्याच्या मालकीण आहात का असे विचारले असते तरी 'हो' म्हणाल्या असत्या. साहेबांनी हवालदारांकडे पाहिले. हवालदारांनी खिडकीबाहेर पाहिले.

यानंतर माझ्या विनंतीवरून जबाब थांबवून साहेब, हवालदार, काका, मास्तर व मी असे आवारात गेलो. पार्सलवाल्यालाही आणण्यात आले. त्याचा शर्ट खांद्यावर उसवलेला होता. त्याने मला पाहून फक्त मान हलवली आणि विचारले, "ताई, आई जेवली का?" मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले.

जप्त केलेली निळी सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. मी काकांना म्हटले, "काका, बसा."

"कशावर?"

"तुमच्या सायकलवर."

काका मोठ्या रुबाबात गेले. त्यांनी हँडल धरले, पाय पलीकडे टाकायला गेले आणि फ्रेमच्या मधल्या नळीला अडले. सायकल कलती करून ते सीटवर चढले. हवालदारांनी मागून धरून ठेवली होती. काकांचा पाय पेडलपर्यंत पोचला नाही. बोट लागत होते, टाच अधांतरी होती. ते म्हणाले, "सीट वर केलीय त्यानं. खाली घ्या." मी पाना दिला. आधी हवालदारांनी, मग साहेबांनी स्वतः जोर लावला. दांडी जिथे होती तिथेच राहिली, आणि तिच्याभोवती गंजाचे जुने कडे होते ते सर्वांनी पाहिले. तो गंज तीन आठवड्यांत चढणारा नाही.

मास्तरांच्या गळ्यात नेहमीप्रमाणे मापाची टेप होती. त्यांनी सीटपासून खालच्या पेडलपर्यंत टेप धरली. मग साहेबांना म्हणाले, "साहेब, यांच्या पँटी मीच शिवतो. पायाचं आतलं माप मला पाठ आहे. ही सायकल यांना वीतभर लांब आहे, आणि खाली दुमडून शिवायला हिला जागा नाही. माझा कालचा जबाब दुरुस्त करायचा आहे. टाका माझा आहे. गिऱ्हाईक हे नव्हे."

काका अजून वरच बसलेले होते. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. त्यांनी फ्रेमच्या मधल्या नळीवरून हात फिरवला. निळा रंग ब्रशने दिलेला आहे, चाकाच्या तारांवरही त्याचे थेंब आहेत. काकांच्या सायकलचा निळा रंग कारखान्यातून आलेला होता. हा फरक मला चहाच्या गाडीवरूनही सांगता आला असता. काकांना तो काल दिसला नाही. माझ्या खोलीत रोज अशी माणसे बसतात. आवाजाची इतकी वाट बघतात की मी आवाज सोडायच्या आधीच बटण दाबतात. ती खोटे बोलत नसतात, म्हणून मी तेवढ्यावरून कोणाला खोटे ठरवत नाही. चाचणी पुन्हा घेते.

काका खाली उतरले. त्यांनी साहेबांना सांगितले, "ही माझी नाही. याला सोडा." मग पार्सलवाल्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "काका, चौकात एवढी माणसं अंगावर आली, त्यात गिअरची वायर तुटलीय. ती तेवढी लावून द्या. तुमचा हात गिअरला चांगला आहे असं ताई म्हणतात." असे मी खरोखरच म्हटले होते.

काकांनी वाकून वायरीचे तुटलेले टोक हातात घेतले. मग कोणालाच उद्देशून नाही असे म्हणाले, "मग माझी कुठंय?"

त्यानंतर पंचनाम्यातली यादी पाहू द्यावी अशी मी विनंती केली. पार्सलच्या पिशवीतल्या वस्तूंत 'प्लास्टिकची डबी, आत किरकोळ सामान' अशी नोंद होती. डबी उघडून मी ते सामान ओळखले. ते त्याच्या आईचे ऐकण्याचे यंत्र आहे. नळी कडक झाल्यामुळे तो ते काल माझ्याकडे घेऊन येत होता. दवाखान्याच्या दोन चौक अलीकडे त्याला पकडले. अशी नळी माझ्या पर्समध्ये कायम असते. साहेबांच्या परवानगीने मी त्यांच्या टेबलावर जुनी नळी काढून नवी घातली आणि यंत्र आईंच्या कानात बसवले. साहेबांनी त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. आईंचे उत्तर जसेच्या तसे लिहावे अशी माझी विनंती आहे, व साहेबांनी ती मान्य केली आहे. त्या म्हणाल्या, "चोरी? अहो, त्या सायकलवर मागे बसवून नेतो मला. चोरीच्या सायकलवर आईला कोण बसवतं? आणि काल रात्रीपासून सगळे तोंडं हलवताय, एकानं तरी लिहून दाखवायचं!"

आता काकांच्या सायकलविषयी सांगते, कारण ती खरोखर चोरीला गेली आहे आणि तिचा शोध चालू राहिला पाहिजे. काकांनी दिलेल्या खुणा शोधासाठी उपयोगाच्या नाहीत. सीट, नळ्या, गिअर हे सगळे चोर एका दुपारीत बदलू शकतो. खूण फ्रेमची हवी. काकांनी त्या सायकलचे चाकांपासून हँडलपर्यंत सगळे कधी ना कधी बदलले होते. फक्त फ्रेम मूळची होती. ती त्यांच्या मुलाने पसंत करून आणली होती. मुलगा आता इथे नसतो. याविषयी मला अधिक माहिती आहे, पण तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.

काका आपली सायकल कधी उलटी करत नसत. सायकलला चाके वर करून ठेवणे म्हणजे तिचा अपमान, असे त्यांचे मत होते. गिअर लावताना ते कोणालातरी मागचे चाक उचलून धरायला लावत. बहुधा मलाच. एकदा रविवारी ते चहा आणायला गेले असताना पेडलचा दांडा बसवण्यासाठी मी त्यांची सायकल पटकन उलटी केली होती, आणि ते यायच्या आत सरळ केली. त्या वेळी पेडलचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीत बसतो तिच्याखाली, उभ्या सायकलवर कधीच दिसणार नाही अशा जागी, रंगावर टोकदार वस्तूने कोरलेली अक्षरे मी पाहिली. अक्षरे अशी: 'बाबा, सावकाश'.

हे मी काकांना तेव्हा सांगितले नाही. मला वाटले, त्यांना माहीत असणार. शिवाय मग सायकल उलटी केल्याचेही सांगावे लागले असते. मघाशी आवारातही बोलले नाही, तिथे माणसे फार होती. पण सायकल ओळखण्याची पक्की खूण हीच आहे, आणि ती लिहिली गेली पाहिजे. कोणत्याही दुकानात, कोणत्याही रंगाची, कितीही गिअरची सायकल सापडली तरी ती आधी उलटी करून पाहावी.

जबाब टंकलिखित झाल्यावर दोन ठिकाणी 'आरोपी' असा शब्द होता. मी तो उच्चारलेला नाही. त्या जागी 'पार्सलवाला' असे करून घेतले आहे.

सदर जबाब मला साहेबांनी वाचून दाखवला. पार्सलवाल्याची आई बाकावरून उठून आत येऊन बसली व मलाही ऐकायचा आहे म्हणाली, म्हणून साहेबांनी तो जरा आवाज चढवून वाचला. त्यांना सगळा ऐकू आला. काकांच्या विनंतीवरून फ्रेमच्या खुणेचे वाक्य साहेबांनी दुसऱ्यांदा वाचले. काकांनी आणखी एकदा विनंती केली, तेव्हा ते तिसऱ्यांदाही वाचले, सावकाश. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून सही करते.